स्पाइक गार्ड असूनही टीव्ही का गेला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. स्पाइक गार्डवरच्या माझ्या लेखावर विसंबून तुम्ही दीड हजाराचा स्पाइक गार्ड, म्हणजे विजेच्या झटक्यापासून उपकरणं वाचवणारा एक्स्टेंशन बोर्ड, घेतला आणि मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात टीव्ही गेलाच. शेजाऱ्यांचा टीव्ही अडीचशे रुपयांच्या साध्या बोर्डावर असून शाबूत राहिला. 'मग पैसे पाण्यात घालायला सांगितलेत का?' असं तुम्ही विचारलंय. तुमचा राग रास्त आहे. त्या लेखात मी ज्यूल (गार्ड किती ऊर्जेचा झटका सोसेल त्याचं माप) आणि किमतींवर पानभर लिहिलं आणि अर्थिंगवर एकच ओळ. हे उलटं व्हायला हवं होतं.

स्पाइक गार्ड झटका अडवत नाही, तो वळवतो. आत व्हॅरिस्टर नावाच्या, बहुधा निळ्या रंगाच्या, नाण्याएवढ्या चकत्या असतात. व्होल्टेज उसळलं की त्या क्षणात वाट मोकळी करतात आणि जादाचा झटका न्यूट्रलकडे (वीज परत नेणाऱ्या तारेकडे), अर्थकडे सोडतात. अर्थच नसेल तर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलमधली चकती तेवढी कामाला येते, बाकीच्या नुसत्या बसून राहतात. जुन्या घरांत सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तारच नसते, हे मी स्वतः पाहिलंय. तार असली तरी अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठणठणीत असतो, आणि विजा कडाडतात त्या नेमक्या तेव्हाच. आमच्याकडे उन्हाळाभर त्या खड्ड्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी ओततो.

आता तुमचा टीव्ही. डिशचा सेट-टॉप बॉक्स आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे गच्चीवरच्या छत्रीची केबल थेट घरात येते. त्या केबलमधून आलेला झटका बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरने टीव्हीत शिरतो, स्पाइक गार्डच्या वाटेला जातच नाही. शेजाऱ्यांकडे छत्री नसेल, फायबर असेल, तर कोडं तिथंच सुटतं, कारण काचेच्या तंतूतून झटका येत नाही. आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच टीव्हीचा प्लग काढा, आणि त्याबरोबर छत्रीची केबलही सोडवा. जवळ पडलेल्या विजेपुढे कुठलाही बोर्ड टिकत नाही.

दुसरी शक्यता न्यूट्रल तुटल्याची. त्या संध्याकाळी बल्ब भगभगले होते का, पंखे अचानक जोरात फिरू लागले होते का, आठवून बघा. न्यूट्रल गेला की 230 चे 350-400 व्होल्ट होऊ शकतात आणि तसेच कितीतरी वेळ राहतात. व्हॅरिस्टर क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, असल्या माऱ्यात तो तापून जळतो. त्यावर उपाय म्हणजे मेन बोर्डात ओव्हर-व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज वाढलं की पुरवठा तोडणारं उपकरण, बसवणं.

तुमच्या बोर्डावरचा लाल दिवा अजून लागतो म्हणून तो चांगला आहे, असं मात्र समजू नका. माझा जुना गार्ड मी खोलला तेव्हा चकती काळी पडून तडकली होती, शेजारच्या प्लॅस्टिकवर तपकिरी डाग पडला होता. दिवा आदल्या दिवसापर्यंत लागत होता! तो फक्त सप्लाय आहे एवढंच सांगतो. घेताना संरक्षण चालू असल्याचा वेगळा दिवा आणि आत थर्मल फ्यूज (चकती तापली की जोडणी तोडणारा) आहे का, ते पाहून घ्या. प्रत्येक झटक्यागणिक चकती थोडी झिजते, म्हणून मोठा दणका बसला की बोर्ड बदलायचाच.

एका बाबतीत मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. 'आता तोच बोर्ड स्वयंपाकघरात इंडक्शनला लावलाय' हे वाचून काळजी वाटली. 6 अँपियरचा बोर्ड म्हणजे जेमतेम 1380 वॅट. 2000 वॅटची शेगडी पावणेनऊ अँपियर ओढते. ज्यूल कितीही असोत, त्याने बोर्डाची लोड पेलायची ताकद वाढत नाही. शेगडी आजच भिंतीवरच्या 16 अँपियरच्या सॉकेटला लावा.

आणि वायरमनला बोलावून तिसऱ्या भोकामागची तार तपासून घ्या, काय निघालं ते मला इथं कळवा. अर्थिंग नीट होईपर्यंत नव्या टीव्हीचं खोकं उघडू नका.