‘माती सगळं गाळून घेते’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि हवेली-पुरंदरकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: खत मातीतच राहतं, पाणी गाळून खाली जातं, पुण्याला धरणाचं पाणी आहे, शेताचा संबंध नाही, खरी घाण शहराच्या सांडपाण्याची, शेणखत तर कितीही चालतं, मातीचं आरोग्य वगैरे नुसती योजनांची भाषा, आणि शंकाच असेल तर पाणी उकळून प्या. यातलं सांडपाण्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. उकळण्याचा सल्ला मात्र तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘माती पाणी गाळते.’ गाळ अडवते, बरेचसे जंतू अडवते, स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते. नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्राचं (नायट्रोजनचं) पाण्यात विरघळणारं रूप, तिला धरता येत नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे ते कणांना चिकटत नाही. पाण्यात विरघळून पाण्याबरोबर उतरतं. युरिया टाकला की जमिनीतले जिवाणू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. मुळांनी उचललं तेवढं पिकाचं. उरलेल्यातलं बरंचसं मोठ्या पावसात किंवा पाटपाण्यात खाली जातं. आपल्या काळ्या रानाला तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खाली मुरूम, फुटका कातळ. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट उतरतं.

आता हिशोब बघा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. 1 किलो नत्रापासून सुमारे 4.4 किलो नायट्रेट होतं. म्हणजे शेतातून निसटलेलं 1 किलो नत्र जवळपास 1 लाख लिटर शुद्ध पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवतं, दहा हजार लिटरचे दहा टँकर! युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत 20 किलोंहून जास्त नत्र असतं. सुरू उसाची (सुमारे वर्षाचं पीक) शिफारसच हेक्टरी 250 किलो नत्राची आहे आणि आडसालीची (सुमारे दीड वर्षाचं पीक) 400. त्यावर ‘अजून एक गोणी असू दे’ म्हणून टाकलेली गोणी कुणाच्या तरी विहिरीत उतरते, आणि तिचे पैसे शेतकऱ्याच्याच खिशातून गेलेले असतात.

‘पुण्याला धरणाचं पाणी आहे.’ जुन्या शहराला आहे. महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. तिथल्या कितीतरी सोसायट्या अजून बोअर आणि टँकरवरच आहेत, आणि टँकरही अनेकदा विहिरीवरच भरतो. शिवाय पानशेत-वरसगावच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर शेती आहेच. तिथली माती वाहिली की गाळ आणि त्याला चिकटलेला स्फुरद धरणातच येतो.

सांडपाण्याबद्दल वाद नाही. मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जाणाऱ्या घाणीत शहराचा वाटा मोठा आहे; सोलापूर उजनीचं पाणी पितं, आणि त्याची जबाबदारी पुणेकरांनी घ्यायलाच हवी. पण पुरंदरमधल्या ज्या वाडीला मुळा-मुठेचं पाणी मिळत नाही, तिच्या विहिरीतली घाण मुठेची नसते. तिथे कारण जवळच शोधावं लागतं, शेतात, उकिरड्यात किंवा शोषखड्ड्यात. आणि शहराचं प्रक्रिया केलेलं जे सांडपाणी मुंढव्याहून बेबी कॅनॉलमध्ये (शेतीच्या जुन्या कालव्यात) सोडतात, त्यात नत्र आधीच असतं. त्या पाण्यावर भिजणाऱ्या हवेली-दौंडच्या रानात खताची मात्रा माती-पाणी तपासूनच ठरवायला हवी.

शेणखताचं थोडक्यात: त्यातलं नत्रही शेवटी नायट्रेटच होतं, कोंबडखतातलं तर लवकर होतं. चांगलं कुजलेलं, मापात टाका. उकिरडा विहिरीच्या काठाला नको.

‘मातीचं आरोग्य म्हणजे योजनांची भाषा.’ एक प्रयोग घरी करून बघा. वर्षानुवर्षं पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळलेल्या फडातलं एक वाळलेलं ढेकूळ घ्या आणि पाचट कुजवलेल्या फडातलं एक. दोन काचेच्या पेल्यांत पाणी भरून हलकेच सोडा. पहिलं बहुतेक वेळा बघता बघता विरघळतं, पाणी गढूळ होतं, तळाशी चिखल बसतो. दुसरं बुडबुडे सोडत भिजतं, पण आकार धरून राहतं. पावसात शेतात हेच घडतं. विरघळणारी माती वाहून जाते, वर पापडी धरते आणि पाणी मुरू देत नाही. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, शेणखतातून येणारा) असलेल्या मातीत जिवाणू शिल्लक नत्रातला काही भाग स्वतःच्या शरीरात बांधून ठेवतात आणि पुढच्या पिकाला हळूहळू देतात. म्हणून पाचट ठेवायचं, रान मोकळं पडणार असेल तर ताग-धैंचा (हिरवळीचं खत) पेरायचा, उतारावर आडवी मशागत करायची, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखायचा.

एवढ्यावर भागत नाही, हेही सांगायला हवं. सुधारलेल्या जमिनीत पाणी जास्त मुरतं. खत बेसुमार असेल तर नायट्रेटही त्याच वाटेने खाली जाईल. माती परीक्षणानुसार मात्रा, ती हप्त्याहप्त्याने, जमल्यास ठिबकमधून, आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर अजिबात नाही, हे सोबत असेल तरच विहीर वाचते.

‘पाणी उकळून प्या.’ जंतूंसाठी उत्तम. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, क्लोरीन, साधा कँडल फिल्टर यांनीही ते जात नाही. चांगल्या स्थितीतला आरओ ते बऱ्यापैकी कमी करतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात कालवलेली दुधाची पावडर दिली, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटून ओठ, नखं निळी पडू शकतात. अशा वेळी ताबडतोब दवाखाना गाठा. टीडीएस मीटर विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यावर नायट्रेट वेगळं कळत नाही. प्रयोगशाळेत नमुना देताना ‘नायट्रेट तपासा’ असं स्पष्ट सांगा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. रिपोर्ट हाती येईपर्यंत बाळाच्या दुधासाठी बोअरचं पाणी वापरू नका.