जॅक्सन यांनी जे म्हटलेच नाही

राज्यसेवेच्या निबंधाची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीच्या वहीत परवा एक अधोरेखित वाक्य सापडले: ‘अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हा राष्ट्राध्यक्षाला दिलेला केवळ सल्ला असतो.’ हे कुठून घेतलेस, असे विचारल्यावर तिने आमच्याच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर काकांनी पाठवलेला पाच मुद्द्यांचा संदेश दाखवला. तो मीही पाहिला होता आणि न वाचता सोडून दिला होता, ही माझी चूक.

हे वाक्य म्हणजेच त्यातला पहिला मुद्दा. त्याचा सारा डोलारा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या तोंडी घातलेल्या एका वाक्यावर उभा आहे: ‘मार्शल यांनी निकाल दिला आहे, आता त्यांनीच तो अमलात आणावा.’ मार्शल म्हणजे तेव्हाचे सरन्यायाधीश. जॅक्सन असे बोलल्याचा त्या काळातला एकही पुरावा नाही. निकाल १८३२ चा आहे आणि हे वाक्य सर्वतोमुखी करणारे पत्रकार होरेस ग्रीली यांचे पुस्तक १८६४ चे आहे. तोपर्यंत जॅक्सन यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. शिवाय त्या खटल्यात राष्ट्राध्यक्षाला कोणतीही आज्ञा नव्हती. चेरोकी या मूळनिवासी अमेरिकी लोकांच्या भूमीत परवान्याशिवाय राहिल्याबद्दल जॉर्जिया राज्याने सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याला चार वर्षांची सक्तमजुरी दिली होती. त्या भूमीत जॉर्जियाचा कायदा चालत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली. निकाल मानला नाही तो जॉर्जियाने. जॅक्सन यांनी जे खरोखर लिहिले, ते त्यांचे मित्र जॉन कॉफी यांना एप्रिल १८३२ मध्ये पाठवलेल्या पत्रात आहे: निकाल जन्मतःच मृत ठरला असून जॉर्जियाला नमवणे आपल्याला शक्य नाही, हे न्यायालयाला कळून चुकले आहे, अशा आशयाचे ते उद्गार आहेत. त्यात समाधान लपत नाही, पण आज्ञाभंगाची घोषणाही नाही. जॅक्सन यांची सहानुभूती जॉर्जियाकडे होती आणि १८३८ मध्ये चेरोकींना हुसकावून लावले गेले तेव्हा हजारो माणसे मेली, हे खरेच आहे. परंतु एका अन्यायाच्या आधारे राज्यघटनेचा नियम सांगता येत नाही.

‘सल्ला’ हा शब्द तर अगदीच चुकीच्या जागी पडला आहे. आपल्याकडे अनुच्छेद १४३ नुसार राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवू शकतात. अमेरिकेत वॉशिंग्टन यांच्या सरकारने १७९३ मध्ये एकोणतीस प्रश्न पाठवून मत मागितले, तेव्हा न्यायमूर्तींनी ते देण्यास नकार दिला. समोर खरा वाद घेऊन पक्षकार उभे असतील तरच ते न्यायालय बोलते. आणि ते बोलल्यावर काय होते, हे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना विचारावे लागले असते. २४ जुलै १९७४ रोजी न्यायालयाने त्यांना वॉटरगेट प्रकरणातील ध्वनिफिती हवाली करण्याचा आदेश आठ विरुद्ध शून्य मतांनी दिला. त्या आठांपैकी तिघांची नेमणूक स्वतः निक्सन यांनीच केली होती. फिती द्याव्या लागल्या आणि ९ ऑगस्टला पदही गेले.

एवढे मान्य करावे लागेल की न्यायालयाजवळ ना सैन्य आहे, ना तिजोरी. संदेश लिहिणाऱ्याने थोडे वाचले असते तर त्याला बरे उदाहरणही सापडले असते: १८६१ मध्ये सरन्यायाधीश टॅनी यांचा अटकेतील माणसाला हजर करण्याचा आदेश लिंकन यांच्या सरकारने पाळला नाही. मात्र तो टॅनी यांनी एकट्याने दिलेला आदेश होता, पूर्ण न्यायालयाचा नव्हता, आणि देश यादवी युद्धात होता.

दुसरा मुद्दा असा की, कायदे रद्द करण्याचा अधिकार मार्शल यांनी १८०३ मध्ये बळकावला. हा अर्धा खरा आहे. आपल्या अनुच्छेद १३ सारखे स्पष्ट कलम त्यांच्या घटनेत नाही. पण न्यायालयांना हा अधिकार असणारच, असे अमेरिकी घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या हॅमिल्टन यांनी १७८८ मध्येच लिहून ठेवले होते, तेव्हा मार्शल सरन्यायाधीशही झाले नव्हते.

तिसरा मुद्दा न्यायमूर्तींच्या संख्येचा. नऊ ही संख्या घटनेत नाही. ती काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, कायद्याने ठरवते, आरंभी ती सहा होती आणि १८६९ पासून नऊ आहे. राष्ट्राध्यक्ष न्यायमूर्तींना काढू शकतात, हा चौथा मुद्दाही निराधार आहे. त्यासाठी महाभियोग लागतो, आणि असा खटला चाललेले एकमेव न्यायमूर्ती सॅम्युएल चेस १८०५ मध्ये निर्दोष सुटले.

पाचवा मुद्दा म्हणतो की, निकाल एकदा लागला की तो कोणालाच बदलता येत नाही. पहिल्या मुद्द्यात ज्या निकालाला कोणी विचारत नव्हते, तोच इथे पाषाणावरची रेघ कसा झाला, हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने पुसला. निकाल घटनेचा नसून साध्या कायद्याच्या अर्थाचा असेल तर घटनादुरुस्तीचीही गरज नसते: वेतनातील भेदभावाविषयीच्या २००७ च्या लेडबेटर निकालावर काँग्रेसने २००९ मध्ये सरळ नवा कायदा केला.