दोन ॲस्पिरिन आणि वॉली पिप

दर दोन-चार महिन्यांनी ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरून येतेच. परवा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आली, तीही एकाने तापामुळे रजा टाकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मजकूर थोडक्यात असा:

"२ जून १९२५. न्यूयॉर्क यांकीजचा स्टार खेळाडू वॉली पिप याचं डोकं दुखत होतं. त्याने कोचकडे एका दिवसाची सुट्टी मागितली. त्याच्या जागी लू गेरिग नावाच्या अनोळखी पोराला संधी मिळाली. त्या दिवसापासून सलग २१३० सामने, चौदा वर्षं, गेरिगने ती जागा सोडली नाही. पिप पुन्हा कधी मैदानात दिसला नाही. एक सुट्टी, संपलं करिअर! आपली खुर्ची रिकामी ठेवू नका."

खाली वळलेली मूठ, ज्वाळा आणि जोडलेले हात.

मला बेसबॉलचं वेड आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. तारीख खरी आहे, दोन्ही नावं खरी आहेत, २१३० हा आकडाही खरा आहे. गडबड मधल्या वाक्यांत आहे.

आधी हा पिप कोण ते सांगतो, कारण फॉरवर्डमध्ये तो फक्त डोकं धरून बसलेला माणूस आहे. जन्म १८९३, शिकागोचा. वाढला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला. पहिल्या बेसवर खेळायचा. बॅटर चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावतो आणि बाकीचे इनफिल्डर चेंडू अडवून तिकडेच फेकतात. तो चेंडू वाकडातिकडा, टप्पा पडून, कसाही आला तरी बॅटर पोचायच्या आत एक पाय बेसवर ठेवून झेलायचा, हे पहिल्या बेसवाल्याचं काम. पिप १९१५ मध्ये डेट्रॉइटकडून यांकीजकडे आला आणि पुढची दहा वर्षं ती जागा त्याची होती. १९१६ मध्ये १२ आणि १९१७ मध्ये ९ होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारून त्याने दोन्ही वर्षी अमेरिकन लीगमध्ये पहिला नंबर काढला. आज हे आकडे वाचून हसू येतं, पण तेव्हा चेंडूच तसा मऊ आणि मळका असायचा. बेब रूथ यांकीजकडे आला आणि १९२० मध्ये त्याने एकट्याने ५४ मारले, तेव्हा कुठे हा खेळ बदलला. १९२१, २२ आणि २३ अशी ओळीने तीन वर्षं यांकीजनी लीग जिंकली, १९२३ ला वर्ल्ड सिरीजही (दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकली, आणि या सगळ्यात पहिल्या बेसवर पिप होता. १९२४ मध्ये १९ ट्रिपल (एका फटक्यात तिसरा बेस गाठणं) मारून तो त्यातही लीगमध्ये पहिला आला. अशा माणसाची जागा एका दुपारी जाते, हे ऐकायला म्हणूनच नाट्यमय वाटतं.

"डोकं दुखत होतं, म्हणून त्याने सुट्टी मागितली."

त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांत डोकेदुखीचा उल्लेख नाही. बातमी होती ती मॅनेजर (म्हणजे फॉरवर्डमधला 'कोच') मिलर हगिन्सने संघात केलेल्या मोठ्या फेरबदलाची. आणि फेरबदल का करावा लागला हे समजायला गुणतक्ता पुरेसा आहे. यांकीज तोवर १५ सामने जिंकले होते आणि २६ हरले होते. आठ संघांच्या लीगमध्ये सातवे. एप्रिलमध्ये बेब रूथ कोसळला, पोटाचं ऑपरेशन झालं आणि तो थेट १ जूनला परतला. पिपची सरासरी .२४४ वर आली होती. बेसबॉलची सरासरी आपल्या क्रिकेटसारखी धावांची नसते. बॅटिंगच्या हजार संधींत किती वेळा हिट मारून बेस गाठला, ते ती सांगते. .३०० म्हणजे खणखणीत. पहिल्या बेसवाल्याकडून तर बॅटिंगचीच जास्त अपेक्षा असते, त्यामुळे .२४४ म्हणजे मॅनेजरच्या कपाळाला आठी.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सोडून दिलेली खरी गोम पुढे आहे. त्या दिवशी एकटा पिप बाहेर बसला नाही. दुसऱ्या बेसवरच्या ॲरन वॉर्डलाही हगिन्सने बसवलं. कॅचर वॉली शँगलाही. तिघेही १९२३ च्या विजेत्या संघातले, तिघेही त्या वर्षी चाचपडत असलेले. आता तिघांचीही डोकी एकाच दुपारी दुखू लागली असं मानायचं असेल, तर मग ड्रेसिंग रूमच्या पाण्याची तपासणी करायला हवी होती. त्याआधी मे महिन्यात हगिन्सने शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा) एव्हरेट स्कॉटला बसवलं होतं, आणि स्कॉट म्हणजे साधी असामी नव्हे. सलग १३०७ सामने खेळण्याचा विक्रम तेव्हा त्याच्या नावावर होता, आणि तो तिथेच थांबला. विक्रमवीराला घरी बसवायला जो माणूस कचरला नाही, त्याने पिपला बसवण्यासाठी पिपच्या अर्जाची वाट पाहिली असेल?

मग ही डोकेदुखी आली कुठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून. पहिलं ठिकाण म्हणजे २ जुलै १९२५. बरोबर एक महिन्याने. सरावात चार्ली काल्डवेल नावाच्या तरुण पिचरचा चेंडू पिपच्या डोक्यावर बसला. तेव्हा हेल्मेट नव्हती. कवटीला तडा गेला आणि पिप हॉस्पिटलात पडला. हे मात्र छापून आलं. जूनमध्ये जागा गेली, जुलैमध्ये डोकं फुटलं. लोकांच्या आठवणीत या दोन घटना एकमेकींत मिसळल्या. (काल्डवेल पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा नावाजलेला फुटबॉल कोच झाला. त्याच्यावर फॉरवर्ड कुणी लिहीत नाही.)

दुसरं ठिकाण म्हणजे स्वतः पिप. उतारवयात तो हा किस्सा रंगवून सांगायचा: डोकं ठणकत होतं, दोन ॲस्पिरिन मागितल्या, हगिन्सने ऐकलं आणि म्हणाला आज तू आराम कर, त्या पोराला खेळवू, त्या जगातल्या सगळ्यात महागड्या ॲस्पिरिन ठरल्या. "स्वतः पिपनेच सांगितलंय" हा मग हुकमी पुरावा होतो. पण विचार करा, जेवणानंतरच्या गप्पांत तुम्ही काय सांगाल? फॉर्म गेला होता म्हणून बसवलं, की एका गोळीपायी जागा गेली? पहिल्यात लाज आहे, दुसऱ्यात हशा आहे. मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. गोष्ट सांगणाऱ्या माणसाला आठवणीपेक्षा श्रोते मोठे वाटतात, इतकंच.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९८४ मध्ये दिल्ली कसोटीतल्या बेजबाबदार फटक्यांबद्दल कपिल देव आणि संदीप पाटील या दोघांना पुढच्या कोलकाता कसोटीतून वगळलं. तिथे अझरुद्दीन आला आणि त्याने पदार्पणातच शतक ठोकलं. पाटील त्यानंतर कसोटी खेळला नाही. उद्या कुणी म्हणालं, "पाटलाला त्या दिवशी सर्दी झाली होती हो, म्हणून तो बसला," तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर त्याला कोणी वाक्य पुरं करू देईल का? पिपच्या बाबतीत मात्र आपण निमूट मान डोलावतो, कारण तो लांबचा आणि शंभर वर्षांपूर्वीचा.

"अनोळखी पोरगा."

गेरिग न्यूयॉर्कचाच, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला. पॉल क्रिकेल या स्काउटने त्याला तिथे हेरलं आणि १९२३ मध्ये यांकीजनी करार केला. त्या वर्षी मुख्य संघाकडून १३ सामन्यांत त्याची सरासरी .४२३ होती. पुढच्या वर्षी मोजक्याच संधी मिळाल्या, त्यात .५००. मधला काळ त्याने हार्टफर्डच्या मायनर लीग संघात काढला, कारण वर जागा नव्हती. जागा पिपकडे होती.

इतकंच काय, १९२३ च्या वर्ल्ड सिरीजआधी पिप जखमी असताना यांकीजना त्याच्याऐवजी गेरिगलाच उतरवायचं होतं. पण गेरिग मुदतीनंतर संघात आलेला, म्हणून प्रतिस्पर्धी जायंट्सची संमती लागत होती, आणि त्यांचा मॅनेजर जॉन मॅकग्रॉ नाही म्हणाला. तेव्हा दुखऱ्या अंगाने पिपच खेळला. म्हणजे खरोखर दुखत असताना हा माणूस वर्ल्ड सिरीज खेळला होता! जूनच्या त्या दुपारी पिप बत्तीस वर्षांचा होता, गेरिग बाविशीला टेकलेला. पहिल्या बेसवरच्या खाचाखोचा या पोराला शिकवण्यात पिपचाही हात होता. कोणाची जागा कोण घेणार, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कधी, एवढाच प्रश्न होता.

"त्या दिवसापासून सलग २१३० सामने."

हे बारीक आहे, पण गंमत आहे म्हणून सांगतो. गेरिगची मालिका मोजतात ती आदल्या दिवसापासून, १ जूनपासून. त्या दिवशी तो एका बॅटरच्या बदली बॅटिंगला आला होता. कोणाच्या? पी वी वॉनिंगरच्या. आणि वॉनिंगर कोण, तर मे महिन्यात एव्हरेट स्कॉटच्या जागी आलेला शॉर्टस्टॉप. एक विक्रम संपला तेव्हा आत आला तो वॉनिंगर आणि दुसरा सुरू झाला तेव्हा बाजूला झाला तोही वॉनिंगर. पिपचा मालिकेच्या पहिल्या सामन्याशी संबंधच नाही. १९३३ च्या ऑगस्टमध्ये गेरिगने स्कॉटला मागे टाकलं.

आणि "जागा सोडली नाही" म्हणजे काय, तेही बघा. जुलै १९३४ मध्ये डेट्रॉइटला गेरिगची पाठ इतकी धरली की सामना अर्धवट सोडावा लागला. दुसऱ्या दिवशी कागदावर त्याला शॉर्टस्टॉप म्हणून पहिल्याच क्रमांकावर लावलं. डावखुरा शॉर्टस्टॉप, जो बेसबॉलमध्ये जवळपास नसतोच! तो आला, एक हिट मारली, बेसवर पोचला, त्याच्याजागी धावायला दुसरा आला आणि गेरिग जाऊन आडवा पडला. सामना मोजला गेला, मालिका शाबूत. मला यात काही गैर वाटत नाही, मीही मस्टरवर सही करून कँटीन गाठलेली आहे. पण कधीही आराम न करणारा महापुरुष म्हणून त्याचा दाखला देणाऱ्यांनी हा दिवस वाचावा. आराम त्यानेही केला, फक्त हजेरी लावून.

"पिप पुन्हा कधी मैदानात दिसला नाही."

साफ खोटं. यांकीजकडे पहिल्या बेसची नेहमीची जागा त्याला परत मिळाली नाही, हे बरोबर. पण हंगाम संपल्यावर यांकीजनी त्याला सिनसिनाटी रेड्सला विकलं आणि १९२६ मध्ये, कवटीला तडा गेल्यावर वर्षभराच्या आत, तो तिथे १५५ सामने खेळला. म्हणजे जवळपास अख्खा हंगाम. सरासरी .२९१. रेड्सकडे तीन वर्षं खेळून १९२८ नंतर तो मोठ्या लीगमधून बाहेर पडला, वय पस्तीस. एकूण १९४१ हिट्स, सरासरी .२८१, ९० होमरन. पहिल्या बेसवरच्या माणसाची जशी कारकीर्द उतरणीला लागते, तशीच ही लागली.

आणि गेरिग आल्याने यांकीजचं नशीब त्या दुपारी फिरलं, असंही झालं नाही. पहिल्या दिवशी त्याने तीन हिट्स मारल्या आणि संघ जिंकला, हे खरं. पण १९२५ चा हंगाम संपला तेव्हा यांकीज होते तिथेच होते, सातवे. हगिन्सच्या फेरबदलाला फळ आलं ते १९२६ ला.

"आपली खुर्ची रिकामी ठेवू नका."

या एका वाक्यासाठी बाकीची सगळी गोष्ट रचली जाते, आणि इथेच तिच्यावर मला राग येतो. कारण गेरिगच्या मालिकेचा शेवट ती सांगत नाही. १९३९ च्या सुरुवातीला गेरिगच्या बॅटमधला जोर गेला, साधे चेंडू हातातून निसटू लागले, पायांत बळ राहिलं नाही. २ मे १९३९ रोजी डेट्रॉइटमध्ये त्याने स्वतः मॅनेजर जो मॅकार्थीला सांगितलं की आज मला खेळवू नकोस. कर्णधार म्हणून नव्या क्रमाचा कागद पंचांकडे त्यानेच नेऊन दिला. पुढच्या महिन्यात निदान झालं: स्नायूंवर ताबा ठेवणाऱ्या मज्जापेशी मरत जाणारा एएलएस, ज्याला अमेरिकेत आज 'लू गेरिगचा आजार' म्हणतात. २ जून १९४१ ला तो गेला, पिपच्या जागी उभा राहिल्याला बरोबर सोळा वर्षं होत होती त्या दिवशी. सदतीस वर्षांचा होता. पिप १९६५ पर्यंत जगला.

डेट्रॉइटच्या त्या सामन्याला ग्रँड रॅपिड्सहून आलेला पिप प्रेक्षकांत होता. गेरिगच्या जागी बेब डालग्रेन नावाचा खेळाडू उतरला. त्याने होमरन मारला आणि यांकीज २२-२ असे जिंकले. म्हणजे फॉरवर्डच्या हिशेबाने पुढची चौदा वर्षं डालग्रेनची व्हायला हवी होती. दोन हंगामांत यांकीजनी त्याला विकून टाकलं.