सिग्नलला सुट्टी, तिसरीला पेपर

उन्हाळ्यात नागपुरात दुपारी बऱ्याच चौकांतले सिग्नल बंद ठेवतात. लाल दिव्याला थांबून माणूस भाजून निघू नये म्हणून. काही चौकांत तर वर हिरवी जाळीही ताणलेली असते. शहराला उन्हाचा रीतसर कृती आराखडा आहे आणि त्यात सिग्नलचा विचार झालेला आहे. तिसरीच्या वर्गाचा विचार पुण्याला, शिक्षण खात्यात होतो.

मी प्राथमिक शिक्षिका, वर्ग तिसरी. आमच्याकडे वर्षातून तीनदा राज्याची चाचणी येते. पायाभूत पावसाळ्यात, संकलित एक दिवाळीच्या मागेपुढे आणि संकलित दोन उन्हाळ्यात. कोणताच ऋतू नाराज व्हायला नको. विषय भाषा, गणित आणि इंग्रजी. गडचिरोलीच्या पोराला जो पेपर, तोच कोल्हापूरच्या पोराला. यात वाईट काही नाही. उलट बरंच आहे, कारण आमचे पेपर आम्ही काढतो तेव्हा वर्गाचं तोंड बघूनच काढतो, हे आता कशाला लपवा.

भानगड झाली २०२५ साली. पेपरासोबत तारखाही राज्यभर एक झाल्या. पहिली ते नववी, ८ ते २५ एप्रिल, आणि १ मेला निकाल. कारण दिलं ते खोटं नव्हतं. परीक्षा लवकर आटोपली की पोट्टे शाळेकडे फिरकत नाहीत, शिकवायचे दिवस वाया जातात. पण आमच्याकडचे पोट्टे एप्रिलअखेर फिरकत नाहीत ते परीक्षा संपली म्हणून नाही, बाहेर ४४ असतं म्हणून. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात. त्या वर्षी तर २३ जून उजाडला. म्हणजे जूनमधलं ऊन सरकारदरबारी सिद्ध झालेलं आहे. एप्रिलमधल्या उन्हाची चौकशी बहुधा अजून सुरू असावी.

शाळा सकाळची होती, हे खरं. पण आमचा वर्ग वरच्या मजल्यावर, वर पत्रे. नऊ वाजले की पत्रे टणटण वाजायला लागतात. पंखा लावावा तर पेपर उडतात, बंद करावा तर पोरं वितळतात. आधी एक नंबरवर ठेवून पाहिला, त्याने फक्त आवाज येतो, हवा येत नाही. मग पाचवर केला. पहिल्याच झटक्यात मागच्या बाकावरची उत्तरपत्रिका पुढच्या बाकावर येऊन पडली आणि पुढच्या पोरीने ती प्रामाणिकपणे वाचायला घेतली.

"मॅडम, माझा पेपर उडून राहिला ना!"

"दाबून ठेव काहीतरी."

दाबायला काय, तर कांदे. नागपुरात ऊन लागू नये म्हणून आया लेकरांच्या खिशात कांदा घालतात. शास्त्र काय म्हणतं ते शास्त्र जाणो, पण त्या दिवशी त्या कांद्यांनी राज्यस्तरीय मूल्यमापन वाचवलं. प्रत्येक पेपराच्या डाव्या कोपऱ्यावर एक कांदा, कुठे लहान, कुठे सोललेला, एकाला कोंब आलेला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी मैदानातून दगड आणले. नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख पाहणीला आले. दारात थांबले, बाकांवरून नजर फिरवली.

"मॅडम, हा काय प्रकार?"

"सर, ऊन लागू नये म्हणून."

त्यांनी काही न बोलता रुमाल काढायला खिशात हात घातला, तर रुमालाआधी कांदाच बाहेर आला. शेरा चांगला लिहून गेले.

लेखीपेक्षा तोंडीत पोरं खुलतात, हे मात्र सांगितलं पाहिजे. सरावाला मी एक गणित घातलं होतं. २४ संत्री, ४ मुलं, प्रत्येकाला किती? सगळ्यांनी बोटं मोडली. काटोलकडून आलेला एक पोट्टा मात्र गप्प.

"काऊन रे, येत नाही?"

"मॅडम, मृगाची का आंबियाची?"

मृग आणि आंबिया हे संत्र्याचे दोन बहर. मी म्हटलं, त्याने काय फरक पडतो?

"एप्रिलात असन तर मृगाची. मंग सडकी किती निघाली ते सांगा, मंग वाटतो."

मी त्याला बागेतली सगळी संत्री चांगली धरायला सांगितली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की घरी कधी संत्र्याची बाग नव्हती हे बाईंच्या तोंडावरच लिहिलेलं आहे. मग म्हणाला, "सहा." पुढे हळूच, "व्यापारी नाही मानत बाप्पा."

आता हा पोट्टा प्रगत की अप्रगत? माझ्या रकान्यात 'सहा'ला गुण आहेत, व्यापाऱ्याला नाहीत.

पेपर संपले की पोरांची सुटका होते, आमची नाही. तपासा, बेरजा करा, आणि मग प्रत्येक लेकराचे गुण मोबाइलवर शिक्षण खात्याच्या चॅटबॉटला सांगा. तो आधी शाळेचा यू-डायस क्रमांक विचारतो, मग माझा पगाराचा शालार्थ आयडी, मग वर्ग, मग तुकडी. स्थळ पाहायला आलेले मामाही इतकं विचारत नाहीत. सगळं सांगून पहिल्या पोराचे गुण भरायला घ्यावेत, तर फोन तापून बंद. स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र. आमच्या घरी मग फोन माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवायचा, थंड झाला की चार पोरं भरायची, पुन्हा ठेवायचा. सासूबाईंनी दोनदा विचारलं, की फोनला ऊन लागलं तर पन्हं कुठून पाजशील.

निकालाच्या आधी एक आई शाळेत आली. डोक्यावरून दुपट्टा, हातात कांद्याची पिशवी. बाजारातून थेट आलेली.

"मॅडम, माह्या पोराले उन्हाचे ग्रेस मार्क हायेत का?"

मी म्हटलं, विचारून सांगते. आणि खरंच विचारलं. माठावरून फोन उचलला आणि चॅटबॉटला तिचा प्रश्न जसाच्या तसा टाइप करून पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं : कृपया योग्य पर्याय निवडा.

पर्याय दोनच होते. उपस्थित, अनुपस्थित.