सावलीत बसून घेतलेला गारवा

आठवडी बाजारात घासाघीस करण्याचे माझे एक ठरलेले शास्त्र आहे. सांभाराच्या जुडीचा (पुण्या-मुंबईकडे हिलाच कोथिंबीर म्हणतात) भाव विचारायचा, ऐकून दचकायचे, निम्मा भाव बोलायचा आणि नकार आला की पाठ फिरवून चालू लागायचे. दहा पावलांच्या आत मागून "या जी गुरुजी, घेऊन जा" अशी हाक आली नाही, असे माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरच्या निवृत्तीत क्वचितच घडले असेल. एवढा मुरलेला माणूस मे महिन्यातल्या एका दुपारी, पडवीत खाटेवर पडल्या पडल्या 1,147 रुपयांना कसा नागवला गेला, ते आता सांगितलेच पाहिजे. कारण आमच्या गावात ते सर्वांना ठाऊक झालेले आहे.

नवतपा सुरू होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी या दिवसांत अंगणातल्या बादलीतले पाणी दुपारी चहाला घ्यावे इतके तापते. त्यातच आमच्या पत्र्याच्या कूलरची मोटर जळाली होती. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात आली: 'मिनी एसी, खोली 5 मिनिटांत थंड, 4,999 ऐवजी फक्त 999'. खाली एक घड्याळ उलटे धावत होते आणि त्याशेजारी 'केवळ 3 नग शिल्लक' असे तांबड्या अक्षरांत लिहिलेले होते. मी मागे फिरण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. पण मागे जाण्याचे बटण दाबताच पडद्यावर दोन पर्याय उमटले: 'होय, मला गारवा हवा' आणि 'नको, मला उकाडाच आवडतो'. मे महिन्यात विदर्भातल्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे निव्वळ छळ आहे. उकाडा आवडतो असे खोटे लिहून देण्यापेक्षा मी मागणी नोंदवली. शेवटच्या पानावर 999 मध्ये विम्याचे 99 आणि घरपोच पैसे स्वीकारण्याचे 49 आपोआप मिसळलेले दिसले. पण तोवर घड्याळात अकराच सेकंद उरले होते.

'घरपोच' या शब्दाचा अर्थ कुरिअरवाल्याच्या लेखी 'फाट्यापर्यंत' असा निघाला. भर दुपारी दीड वाजता डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून, मी गारवा आणण्यासाठी सायकलवर तीन किलोमीटर गेलो. आधी पैसे, मग खोका, असा त्या मुलाचा नियम होता. खोका अपेक्षेपेक्षा हलका होता, हे हातात घेताच जाणवले. पण वैज्ञानिक प्रगतीमुळे वस्तू हलक्या होत चालल्या आहेत, अशी मी वाटेत स्वतःची समजूत घातली.

आतून धान्य मोजायच्या पायलीएवढे एक पांढरे डबडे निघाले. त्यात अर्धा पेला पाणी मावत होते, आणि तोंडाशी बसवलेला पंखा आजारी माणसाने सोडलेल्या उसाशाएवढा वारा देत होता. विज्ञान शिकवूनही मला हे आधी कसे सुचले नाही? खऱ्या एसीला खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकावी लागते. या डबड्याला बाहेर जाणारी नळीच नव्हती. आमचा पत्र्याचा कूलर ओल्या ताट्यांतून कोरडी हवा ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि म्हणून खोली निवते. पण त्यासाठी तो तासाला कित्येक लिटर पाणी पितो. अर्ध्या पेल्यात खोली निवत असती, तर आमच्याकडे कूलरची टाकी भरण्यावरून भावाभावांत भांडणे झाली नसती. सौभाग्यवतींनी ते डबडे सर्व बाजूंनी न्याहाळले आणि "कायले आणलं जी हे?" एवढेच विचारले.

पैसे परत मागावेत म्हणून मी ज्या पानावरून खरेदी केली ते उघडले, तर तिथे ना पत्ता होता ना तक्रार ऐकणाऱ्याचे नाव. वास्तविक 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे आणि तक्रारीची पोच 48 तासांत देणे बंधनकारक आहे. मुलीसाठी स्थळ पाहताना चार पिढ्यांची चौकशी करणाऱ्या मला, दुकानाचे गाव कोणते, एवढेही विचारावेसे वाटले नव्हते. मग मी इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधला आणि सर्वांत वर जो दिसला तो लावला. पलीकडचा गृहस्थ इतक्या अदबीने बोलला की मला आधीच शंका यायला हवी होती. पैसे लगेच परत करतो म्हणाला, एक विनंती पाठवली आणि रक्कम स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन टाकायला सांगितले. मी चष्मा पुसून तीन आकडे टाकलेही. चौथ्याला सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पैसे त्यायनं द्याचे हायेत ना, मंग कुलूप आपलं कायले उघडा लागते?"

माझे बोट तिथेच थांबले. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही, हे बँकेच्या भिंतीवर लिहिलेले मी दर महिन्याला निवृत्तिवेतन काढताना वाचत होतो. फोन ठेवल्यावर मी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर त्या क्रमांकाची आणि 1915 या ग्राहक मदतवाहिनीवर डबड्याची तक्रार नोंदवली. अमरावतीला वकिली शिकणाऱ्या पुतणीने पुढे सांगितले की, खोटी घाई करणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, न मागितलेले टोपलीत घुसवणे अशा 13 क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्येच बंदी घातली आहे. त्यांपैकी तीन मी एकाच दुपारी, एकाच खाटेवर अनुभवल्या होत्या.

पुढच्या बाजारी मी नेहमीच्या मावशींकडे सांभाराचा भाव विचारला. त्यांनी नेहमीपेक्षा पाच रुपये जास्त सांगितले.

"एवढी महाग?" मी दचकून दाखवले.

"एसीवाल्या गुरुजीले हाच भाव हाये," मावशी म्हणाल्या, आणि शेजारच्या वांगीवालीने पदर तोंडाला लावला.

मी निम्मा भाव बोललो, नकार आला, शास्त्राप्रमाणे पाठ फिरवली आणि चालू लागलो. दहा पावले झाली, पंधरा झाली, मागून हाक काही आली नाही. विसाव्या पावलाला खिशातला मोबाइल तेवढा वाजला: 'तुमची टोपली तुमची वाट पाहत आहे'.