घोड्यांचा मसाज थेरपिस्ट दोन दिवसांत? त्या व्हायरल मेसेजला उत्तर

सध्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज जोरात फिरतोय आणि घोड्यांची आवड असलेली पोरंपोरी तो पुढे पाठवून विचारतायत की कोर्सला पैसे भरू का. मेसेज थोडक्यात असा: घोड्यांचा मसाज थेरपिस्ट व्हा, दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स, डॉक्टरची गरज नाही, लंगडा घोडा नुसत्या हातांनी बरा करा, स्नायूंतलं लॅक्टिक अॅसिड बाहेर काढा, घरातला कुठलाही बाम चालतो, महिन्याला लाखो कमवा, आणि भारतात हे कुणाला येतच नाही त्यामुळे मैदान मोकळं. हे काम खरं आहे, चांगलं आहे, त्यात करिअरही होतं, म्हणूनच त्याच्या नावावर असलं काही खपवताना बघितलं की राग येतो. एकेक मुद्दा घेते.

आधी ते दोन दिवस. घोडा म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर आणि भीती वाटली की पळायचं एवढंच त्याला निसर्गानं शिकवलंय. दुखऱ्या जागी बोट दाबलं तर तो सांगतो, पण कानानं, नाकपुडीनं, शेपटीच्या झटक्यानं सांगतो, आणि तुम्हाला ते वाचता आलं नाही तर मग लाथेनं. हे वाचणं स्क्रीनवर शिकता येत नाही, त्याला तबेल्यात महिनोन्‌महिने राहावं लागतं. शरीररचनेचंही तसंच. घोड्याला गळपट्टीचं हाड (कॉलरबोन) नसतं, पुढचे पाय धडाला फक्त स्नायू आणि स्नायुबंधांनी जोडलेले असतात आणि अंगाचं साधारण 60 टक्के वजन त्याच पुढच्या पायांवर, म्हणून तिथल्या स्नायूंवर एवढं काम करावं लागतं. उलट पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या हॉकखाली (हॉक म्हणजे मागच्या पायाचा मधला सांधा) मांसल स्नायू जवळजवळ नसतातच, नुसते टेंडन आणि लिगामेंट, म्हणजे स्नायू-हाडं बांधून ठेवणारे चिवट पट्टे. त्या मेसेजसोबतच्या व्हिडिओत माणूस नेमका तिथेच जोर लावून 'स्नायू मोकळे' करतोय. अमेरिकेत 1970च्या दशकात जॅक मेअर यांनी खेळाडूंचा स्पोर्ट्स मसाज घोड्यांवर आणला, तेव्हा त्यांच्यामागे माणसांवर हात चालवल्याची वर्षं होती. कोर्स वाईट नसतो हो, पण तो घोड्यांत राहिल्यावर करायचा.

'डॉक्टरची गरज नाही' हे वाक्य सगळ्यात घातक. टायिंग-अप नावाचा प्रकार असतो, कामानंतर घोडा अडखळतो, पाय टाकत नाही, घाम फुटतो, मागचे पुठ्ठे टणक लागतात. बघणाऱ्याला वाटतं अरे ही तर मसाजचीच केस! पण आत स्नायू तुटत असतात, त्यातला रंग लघवीत उतरून ती गडद तपकिरी होते, किडनीवर जाऊ शकतं, आणि अशा वेळी जोरात चोळणं किंवा ओढून चालवणं म्हणजे नुकसान वाढवणं. तिथे घोडा जागच्या जागी थांबवायचा आणि डॉक्टरला फोन करायचा, बस. लंगडण्याचंही तेच, बऱ्याचदा दुखणं खुरातच असतं, पू झालेला असतो नाहीतर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज, आणि तुम्ही चार दिवस खांदा चोळत बसलात तर ते चार दिवस त्या घोड्यानं भोगले. ताप, ताजी जखम, पोटदुखी, अंगावर फंगस, या सगळ्यात हात लावायचा नाही. म्हणून कामाला लागण्याआधी थर्मामीटर आणि नाडी बघता आलीच पाहिजे (विश्रांतीत तापमान साधारण 37.5 ते 38.5 सेल्सिअस, ठोके मिनिटाला 28 ते 44). शिवाय तुम्ही या तबेल्यातून त्या तबेल्यात जाणार, ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा रोग हातांवरून, कपड्यांवरून पुढे न्यायचा धोका आहेच. आणि कायदा? 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, निदान आणि उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्याचं काम. 'मी लंगडेपणा बरा करतो' असं कार्डावर छापलंत की तुम्ही त्या हद्दीत घुसलात.

लॅक्टिक अॅसिड. पळून आलेल्या घोड्याच्या रक्तातलं हे अॅसिड, म्हणजे लॅक्टेट, साधारण तासा-दीड तासात आपोआप उतरतं, हळूहळू चालवलं तर अजून लवकर. दुसऱ्या दिवशीचा ठणका त्याचा नसतोच. मग मसाजनं होतं काय? घोडा सैल पडतो. आयाळ संपते त्या उंचवट्याशी घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात, तिथेच हातानं चोळलं तर हृदयाचे ठोके कमी होतात, हे मोजून बघितलेलं आहे. आणि रोज तोच हात फिरत असला की खोगिराखालची गरम जागा, नवी सूज, पाठीतला ताण लवकर कळतो. एवढं पुरेसं मोठं आहे, त्याला चमत्काराची जोड कशाला.

बामबद्दल एवढंच सांगते: 2008 च्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या टीमचं शो जंपिंगचं ब्राँझ गेलं, कारण त्यांच्या कॅमिरो या घोड्यात स्पर्धेत बंदी असलेलं कॅप्सेसिन सापडलं, मिरचीतला तिखटपणा असतो ना तेच, आणि ते दुखण्यावरच्या मलमांत असतं. रेसच्या किंवा स्पर्धेच्या घोड्याला तुम्ही न विचारता काही चोळलंत तर तुमचं नाव त्या मैदानावर कायमचं गेलं.

लाखोंचं म्हणाल तर इथे घोडे आहेत कुठे ते बघा. रेसचे घोडे, मुंबईत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात पुण्यात, आणि तिथे ट्रेनरच्या आणि डॉक्टरच्या शब्दाशिवाय आत जाता येत नाही. मग पोलो, रायडिंग क्लब, पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या जागा. माथेरानच्या घोड्यांना गरज सगळ्यात जास्त आणि त्यांच्या मालकांकडे पैसे सगळ्यात कमी. त्यामुळे सुरुवातीला रायडिंग शिकवणं किंवा तबेल्याची नोकरी असं दुसरं काहीतरी हाताशी लागतंच, आणि ते चांगलंच आहे कारण घोडे तिथेच कळतात.

आता शेवटचं, 'भारतात कुणाला येत नाही'. हे वाचून मला सगळ्यात जास्त लागलं. रोज पहाटे खरारा करून, मग पूर्ण अंगाचा जोर लावून घोड्याची हातमालिश करणारा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, कोण आहे मग? तो त्याच तबेल्यात झोपतो, काल घोड्यानं किती चारा सोडला हे त्याला माहीत असतं, डाव्या बाजूला हात नेला की कातडी का थरथरते हे तो डॉक्टरच्या आधी सांगतो. त्याला शरीररचनेची नावं कुणी शिकवली नाहीत, सर्टिफिकेट कुणी दिलं नाही, आणि पगार तर विचारूच नका. या धंद्याचा भारतात पहिला हक्कदार तोच आहे. कोर्स काढायचाच असेल तर मराठीत-हिंदीत काढा, तबेल्यात काढा, सोबत पशुवैद्य उभा ठेवा, आणि पहिली बॅच मोतद्दारांची घ्या, फी न घेता, त्यांची त्या दिवसांची मजुरी भरून.