धडगावच्या टेकडीवरून सहभाग कसा घ्यायचा?

बैठका ऑनलाइन झाल्यामुळे इंटरनेटच्या कारभारात, म्हणजे त्याचे नियम व धोरणे ठरवण्यात, आता कोणत्याही पाड्यावरचा माणूस भाग घेऊ शकतो, हे या विषयावरील एका लेखातील विधान मला अजिबात पटलेले नाही. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या वरच्या पाड्यांत मी शिकवतो; तिथे रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटवण्यासाठीसुद्धा रेंज मिळेल त्या टेकडीवर यंत्र न्यावे लागते आणि बायका रेशनकार्ड पदराखाली धरून उन्हात रांग लावतात. माझ्या वर्गातील पावरा या आदिवासी समाजातील एका मुलीने त्याच टेकडीवर बसून अशी एक ऑनलाइन बैठक तीन तास ऐकली, आणि तिच्या बोलण्याची पाळी आली तेव्हा नेमकी रेंज गेली.

भाषेच्या अडसराचा तर लेखात उल्लेखच नाही. इंटरनेटच्या कारभारावर चर्चा करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या इंटरनेट गव्हर्नन्स फोरम या मंचाची बैठक २००८ मध्ये हैदराबादेत ‘सर्वांसाठी इंटरनेट’ या विषयावर भरली होती. परंतु फोरमच्या मुख्य सत्रांचे भाषांतर होते ते संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत, ज्यांत मराठी तर सोडाच, हिंदीही नाही, मग पावरी, भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्याने आपले म्हणणे मांडायचे कसे? २०१४ मध्ये देवनागरीत .भारत हे डोमेन आले, याचा मला मनापासून आनंद झाला होता, मात्र संकेतस्थळाचा पत्ता आपल्या लिपीत लिहिता येणे आणि नियम ठरताना आपल्या बोलीत बोलता येणे यांत फार अंतर आहे. अशा बैठकांआधी धडगाव, अक्कलकुवा येथे बाजाराच्या दिवशी समोरासमोर सभा घ्याव्यात आणि दुभाष्यांसाठी वेगळा निधी राखून ठेवावा.